भिंतीकडे तोंड करून

लोसालीनला पालथं झोपवलं की तिचं जग ताटलीएवढं उरायचं. उपचाराच्या उंच पलंगाला डोक्याच्या बाजूने एक भोक होतं. त्यात तोंड घालायचं आणि खालची करडी फरशी बघत पडायचं. फरशीवर फिजिओ ब्रायनीबाईंचे पांढरे बूट यायचे, जायचे. मागे काय चाललंय ते पाठीला आणि पोटऱ्यांना कळेल तेवढंच.

गेल्या दोन खेपांना त्या बुटांशेजारी कालोलाइने आत्याच्या चपला असायच्या. रुंद, निळ्या, एका जागी कधी न थांबणाऱ्या. आज त्या नव्हत्या. ओटारा वस्तीतला आत्याचा चुलत भाऊ परवा वारला, आणि मयताच्या उशाशी बसायचा मान तिचा. टोंगा बेटांवरून इथे आलेल्या त्यांच्या लोकांत मयत म्हणजे घाईचं काम नव्हे. गाणी, चटया, जेवणावळी, पुन्हा गाणी. दहा दिवस तरी आत्या कुणाच्या हाती लागणार नव्हती.

"आज तुमच्या आत्या नाही आल्या?" ब्रायनीबाईंनी विचारलं.

लोसालीन बोलली. चौतीस वर्षांची बाई ती, सगळं समजणारी, इंग्रजीही चांगलं कळणारी. पण शब्द ओठांपर्यंत येताना रस्त्यात अडकायचा, लांबायचा, चेपायचा. जन्मताच मेंदूला इजा झालेली. सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्याला. जे पायांचं तेच जिभेचं: निरोप इकडून नीट निघायचा आणि तिकडे वाकडा पोचायचा. घरच्यांना तिचं बोलणं पाण्यासारखं कळे. बाहेरच्यांना ओ की ठो कळत नसे.

"माफ करा हं, नाही समजलं मला," बाई म्हणाल्या. "बाहेर व्हॅनमध्ये आहेत ते कोण?"

"भा...ऊ."

तेवढं नेमकं समजलं. पांढरे बूट लगबगीने दाराकडे गेले.

नको, असं ती म्हणाली. पण ते भोकातून खाली फरशीवर पडलं. ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

बाईंना काय ठाऊक? त्यांच्या मते भाऊ म्हणजे घरचंच माणूस. टोंगन घरात भाऊ वयात आला की बहिणीच्या खोलीचा उंबरा त्याला बंद. एका खोलीत बसून टीव्ही बघायचा नाही, थट्टामस्करी करायची नाही, अंगाचं, दुखण्याखुपण्याचं, कपड्यालत्त्याचं तर नावच काढायचं नाही. आपल्याकडे जुन्या काळी सासऱ्यासमोर सुनेने जी मर्यादा पाळावी, तीच तिथे भावाबहिणीत. फक्त मान बहिणीचा मोठा आणि भिडेने अंग चोरायचं ते भावाने. फिनेआसी तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा. विमानतळावर सामान चढवायचं काम करणारा, दारातून आडवा होऊन शिरावा असा गडी. बावीस वर्षांत त्याने बहिणीची पोटरी पाहिली नव्हती. तिची चाकाची खुर्ची तो ढकलायचा, त्याला हरकत नसायची, कारण ढकलणारा मागे असतो आणि बसणारी पुढे. तोंडाला तोंड येत नाही.

"या ना, या, असे इकडे या," बाईंचा आवाज परत आला. "त्यांना माझं कळतं हो, मला त्यांचं कळत नाही. तुम्ही फक्त त्या काय म्हणतात ते सांगायचं."

"मी दारातून सांगतो."

"दारातून कसं? इथे खुर्ची आहे. चेहरा दिसेल असं बसा."

"उभाच बरा मी."

लोसालीनला दिसले ते त्याचे कामाचे काळे बूट. ते दोन पावलं आत आले, थबकले आणि गर्रकन फिरले. आता बुटांच्या टाचा तिच्याकडे होत्या. समोरच्या भिंतीवर स्नायू दाखवणारा कातडी सोललेल्या माणसाचा तक्ता लावला होता, हे तिला माहीत होतं. बहिणीच्या उघड्या पोटऱ्या नकोत म्हणून बिचारा त्या सोललेल्या बाप्याकडे बघत उभा राहिला असणार. दुसरी वेळ असती तर तिला हसू आलं असतं.

तिचा लांब घागरा गुडघ्यांपर्यंत दुमडलेला होता. तो खाली ओढायला हात मागे न्यावा तर हातही तिच्या मर्जीचे नव्हते.

सहा दिवस ती एक वाक्य तोंडात घोळवत होती. आत्या आज नाही हे कळलं तेव्हा तर तिला वाटलं, देवानेच वाट मोकळी केली. कारण आत्यासमोर ते वाक्य कधी निघालंच नसतं.

त्याचं असं झालं. पहिल्या खेपेला ब्रायनीबाईंनी पोटरीवर थंडगार जेल लावलं आणि ते यंत्राचं टोक टेकवलं. आत्या आधी हबकली होती. "करंट देता की काय पोरीला?" बाई हसल्या, म्हणाल्या, करंट नाही हो, नुसते धक्के, लहरींचे. आखडलेला स्नायू सैल पडतो. मग ते सुरू झालं. टक-टक-टक-टक, एका पोटरीला दोन हजार ठोके. लोसालीनला लहानपणचं, हापाई बेटावरचं अंगण आठवलं. बायका रांगेने बसून लाकडी मोगरीने झाडाची साल कुटतात, कुटून कुटून तिचं लुगड्यासारखं मऊ कापड करतात. तसंच आपल्याला कुटताहेत. दुखलं, पण सोसवण्याइतकं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये बेसिनला धरून ती उभी राहिली तर डाव्या पायाखाली काहीतरी गार लागलं. खाली बघते तर टाच टेकलेली.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा. जन्मभर चवड्यांवर उभी राहिलेली बाई ती. बराच वेळ ती त्या गारव्यावर नुसती उभी राहिली. एक अख्खा दिवस तिने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. मुठीत झाकून ठेवली.

मग सांगितली आत्याला, आणि आत्याने सांगितली देवाला, म्हणजे भर चर्चमध्ये. त्या रविवारी पाद्रीबाबांनी नेमका बायबलातला, मंदिराच्या दाराशी बसणारा आणि देवाच्या नावाने उठून चालू लागलेला लंगडा निरूपणाला घेतला होता. बाबांचा गळा गोड. बोलता बोलता ते मध्येच गीताची ओळ उचलायचे, मागून बायकांनी ती झेलायची, पुरुषांनी खालच्या सुरात भक्कम धरायची, आणि ओळ संपली की बाबा पुन्हा बोलण्यावर यायचे, जणू गाणं आणि बोलणं ही एकाच ताग्याची दोन टोकं. लोसालीनचा जीव की प्राण होतं ते. गाताना तिचा शब्दही कमी अडखळायचा. पण त्या रविवारी गाणं ओसरताच आत्या उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या घरीसुद्धा एक पाय टेकलाय." तीनशे माणसांच्या माना वळल्या. कुणाचे डोळे भरून आले. देवावर लोसालीनचा राग नव्हता, आत्यावरही नव्हता. फक्त तिला वाटलं, ही टाच आता माझी एकटीची राहिली नाही.

दुसऱ्या खेपेला बाईंनी विचारलं, "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. मागच्या वेळी किती दुखलं?" लोसालीनने तोंड उघडेपर्यंत आत्या बोलून मोकळी. "दोन. दोन लिहा हो." घरी जाताना आत्याने समजावलंही, "अगं पोरी, एवढी शिकलेली बाई आपल्यासाठी राबते. तिच्या तोंडावर दुखतंय म्हणायचं? वाढलेलं ताट सरकवण्यातली गत ती." दोन ऐकून बाईंना वाटलं, चांगलं सोसतंय, थोडं वाढवूया. त्यांनी यंत्राचा जोर दोन घरं वर नेला. लोसालीनने दातांवर दात धरले.

आणि त्यानंतरच्या गुरुवारी ती पडली.

कुणाला सांगून पटणार नाही, पण ते आखडलेले पायच तिचे खांब होते. वाकडे असतील, पण खांब होते. त्यांच्या ताठपणावर भार टाकून, वॉकरला धरून, ती पलंगापासून बाथरूमपर्यंत बारा पावलं जायची आणि आतून कडी लावायची. नऊ माणसांच्या घरात तिच्या एकटीच्या मालकीची तेवढीच गोष्ट. खायला भरवणारे होते, कपडे चढवणारे होते, केस विंचरणारे होते. ती बारा पावलं आणि ती कडी मात्र तिची होती. दुसऱ्या खेपेनंतर खांबांचं ओलं फडकं झालं. कडी लावली, आणि पाय खाली कुठेतरी निघूनच गेले. दीड तास ती फरशीवर बसून होती. आत्या गाण्याच्या तालमीहून आली, बाहेरून सुरी घालून कडी उघडली. लोसालीन म्हणाली, मुद्दामच बसले होते, गार वाटत होतं. आत्याने ते मानून घेतलं. मानून घ्यायचंच होतं तिला.

तर वाक्य असं होतं: जोर कमी करा, पहिल्या दिवसाएवढा, मला टाचही हवी आहे आणि उभं राहणंही.

"तर मग," ब्रायनीबाई म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात कसं होतं? चालणं, उभं राहणं? बाथरूमला जाताना काही त्रास?"

बाथरूम हा शब्द खोलीच्या मधोमध येऊन पडला. काळ्या बुटांच्या टाचा एकमेकींना चिकटल्या. लोसालीनच्या जिभेवर वाक्य तयार होतं. पण ते आधी भावाच्या कानात जाणार, मग भावाच्या तोंडून बाहेर येणार. माझी बहीण बाथरूममध्ये पडली, हे त्याने भिंतीकडे बघत मोठ्याने म्हणायचं. तिची मान शरमेने तापली.

"ब...रं," ती म्हणाली.

"बरं आहे म्हणते," फिनेआसी म्हणाला. जीव भांड्यात पडल्यासारखा म्हणाला.

"आणि दुखणं? दहापैकी?"

"दो...न."

"दोन."

"अगदी छान चाललंय की," बाई म्हणाल्या. "आज शेवटची खेप. आणखी एक घर वर नेते."

टक-टक-टक-टक.

हे कुटणं वेगळं होतं. साल कुटणाऱ्या बायकाही बोटांनी चाचपून बघतात. फार कुटली तर विरते, फाटते. इथे चाचपून बघणाऱ्याला आतलं कळत नव्हतं आणि जिला आतलं कळत होतं ती पालथी होती. ठोका पोटरीवर पडायचा आणि नडगीच्या हाडातून गुडघ्यापर्यंत झणकत जायचा. तिला कुणी बांधलं नव्हतं. पट्टा नव्हता, कडी नव्हती, दार उघडंच होतं. एका शब्दाचं काम, आणि तो शब्द खोलीतल्या तिन्ही माणसांना येत होता. नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब फरशीवर पडला. मग दुसरा. ती मोजू लागली, थेंब नव्हे, ठोके. सहाशेच्या पुढे मोजणी सुटली.

"किती आता?"

"दो...न."

या वेळी टाचांकडून काही आलं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, "काय म्हणाल्या?"

फिनेआसी ऐकत होता. लहानपणी आई लोसालीनचे पाय खोबरेल तेलाने रगडायची, तेव्हा तो दाराबाहेर वाळूत बसायचा. बहीण रडायची नाही. श्वास धरायची, धरायची, आणि मग फुगा फुटावा तसा सोडायची. तो श्वास त्याने आज बावीस वर्षांनी ऐकला.

"थांबा," तो भिंतीला म्हणाला. "नको म्हणते ती."

टक-टक बंद झालं. एकदम इतकं शांत झालं की बाहेरच्या रस्त्यावरची बस ऐकू आली.

"नको म्हणजे? आजच्यापुरतं, की पुढेही?"

"पुढेही. बंद करा सगळं."

"तशी मुभा आहे त्यांना," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांनी नको म्हटलं तर मी पुढे जाऊच शकत नाही. फक्त कागदावर लिहावं लागेल. कारण काय लिहू?"

"लिहा काहीतरी. घरची अडचण."

कागद सरकवल्याचा आवाज आला. लोसालीन भोकात तोंड घालून ऐकत होती. आत्याने तिच्या वतीने हो म्हटलं होतं. आता भावाने तिच्या वतीने नको म्हटलं. दोघंही पोटातल्या मायेने, त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि म्हणूनच त्यातून सुटायलाही जागा नव्हती. अजून दोन ओळी लिहून झाल्या की तो बेसिनखालचा गारवा गेला. पुन्हा चवडे. आणि घरचे म्हणणार, बरं झालं हो, दुखत होतं पोरीला.

"नाही," ती म्हणाली.

फिनेआसीला ते लख्ख कळलं. पण आता बहीण जे बोलेल ते अंगाचं असणार, एवढं त्याला उमगलं होतं.

"काय म्हणतात त्या?" बाईंनी विचारलं.

"मी बाहेर थांबतो," तो म्हणाला. काळे बूट भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत गेले. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

आता लाज धरायला कुणी नव्हतं आणि समजून घ्यायलाही कुणी नव्हतं.

"क...मी."

"पाणी हवंय?"

"ना...ही. क...मी."

"उताणं करू तुम्हाला?"

"ना...ही."

मग पांढरे बूट वाकडे झाले, गुडघे फरशीला लागले, आणि ती धिप्पाड गोरी बाई सरळ फरशीवर उताणी झाली, सरकत सरकत पलंगाखाली आली. ताटलीएवढ्या त्या जगात पहिल्यांदा माणसाचा चेहरा आला. घामेजलेला, चष्मा तिरका झालेला.

"आता मला तुमचे ओठ दिसताहेत," चेहरा म्हणाला. "मी विचारत जाते. बरोबर असेल तर डोळे मिटा. घाई नाही मला."

"क...मी."

"कमी?"

डोळे मिटले. मिटताना डोळ्यातलं पाणी बाईंच्या चष्म्यावर पडलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"काय कमी? वेळ? ठोके? जोर?"

डोळे.

"जोर कमी. किती कमी?"

हे अवघड होतं. "प...हि...ल्या" एवढं निघायला सात प्रयत्न लागले. पाचव्या वेळी लोसालीनचा जबडा आखडला, मान भोकात आपटली, आणि बाई म्हणाल्या, राहू द्या, जरा दम खा. तिने दम खाल्ला नाही. सातव्या वेळी बाई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी होता तेवढा?"

डोळे.

"म्हणजे बंद नाही करायचं."

"नाही." हा शब्द आता त्यांना पटकन कळला.

"का कमी, ते सांगता येईल?"

"प...डले."

"कुठे?"

तिने सांगितलं. दार बंद होतं तरी हळूच सांगितलं.

मग बाईंनी विचारलं, "मागच्या वेळी दुखलं ते दोन नव्हतं ना?"

"आ...ठ."

"आणि आज?"

उत्तर द्यायला लोसालीनला वेळ लागला. या वेळी जिभेमुळे नव्हे. आयुष्यात प्रथमच कुणाच्या मेहनतीच्या तोंडावर ती असं काही बोलणार होती. "न...ऊ," ती म्हणाली.

"मी आत्यांना विचारत होते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला विचारलंच नाही." एवढंच. उगाच गळा काढला नाही त्यांनी, हे लोसालीनला बरं वाटलं.

उठून, कपडे झटकून, त्यांनी तिला उताणं केलं, घागरा सारखा केला, खुर्चीत बसवलं. अर्धवट लिहिलेला कागद फाडला. पुढच्या बुधवारी आणखी एक खेप, पहिल्या दिवसाच्या जोरावर. "पण आजचं झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "रविवारपर्यंत पाय तुमचे ऐकणार नाहीत. एकटीने उठायचं नाही. बाथरूममध्ये सोबत कुणीतरी हवं, कडी लावायची नाही. मी हे लिहून देते, तुमचे नऊसुद्धा, घरी दाखवा."

म्हणजे चार दिवस. बोलूनही चार दिवस कैदच. आणि आत्या मयताच्या घरी, घरात बाकी सगळे पुरुष आणि लहान पोरं. हा कागद दाखवायचा तो कुणाला, हे वेगळं सांगायला नको होतं.

फिनेआसी व्हॅनला टेकून उभा होता. तो नेहमीप्रमाणे खुर्चीच्या मागे आला. लोसालीनच्या आखडलेल्या बोटांत कागद चुरगळला होता. मान न वळवता तिने हात खांद्यावरून मागे नेला. हात थरथरत भलतीकडेच जाऊ लागला, कान, केस, पुन्हा खांदा. त्याने अलगद बोटांना न शिवता कागद ओढून घेतला.

बराच वेळ खुर्ची हलली नाही. तो सावकाश वाचायचा.

मग मागून आवाज आला. "ताई."

"हं."

"आपली फेलाइते आहे ना, मामाची. ती कामावरून सुटली की तिला बोलावतो. रविवारपर्यंत तुझ्या खोलीत झोपेल."

"हं."

"आत्याला काय सांगायचं?" तो थांबला. खुर्चीची मूठ त्याने एकदा सोडली, परत धरली. "मी म्हणतो, त्या बाईंनीच ठरवलं म्हणून सांगू. कमी करायचं त्यांनी ठरवलं. तुझं नावच नको मध्ये. चर्चमध्ये पुन्हा..."

रस्त्यापलीकडे शाळा सुटली होती. लोसालीनने श्वास घेतला. हे तरी एका दमात निघावं म्हणून तिने आधी ओठ ओले केले.

"मीच... सां...गितलं... म्हण."

"आत्या बोलेल तुला."

"बो...लू दे."

त्याने खुर्ची व्हॅनच्या उतरत्या फळीवरून आत चढवली, चाकं बांधली, पट्टा घातला. पुढे जाऊन बसला, आणि गाडी सुरू करण्याआधी फोन काढून आत्याचा नंबर लावला. तिकडून गाणं ऐकू येत होतं, मयताच्या घरचं, पन्नास गळ्यांचं. त्यातून आत्या ओरडून विचारत होती, काय रे, किती म्हणाली आज, दोनच ना?

"नऊ," फिनेआसी म्हणाला. "ती स्वतः म्हणाली."